लँकेस्टरच्या आमिश गावांत आई-बाबांना न्यायचंय. कुठे राहू, काय दाखवू?

मुक्ता_एनजे
नमस्कार मंडळी. जुलैत आई-बाबा आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला येतायत. बाबांचं सगळं आयुष्य शेतीत गेलं. नायगारा, न्यूयॉर्क होईलच, पण ते फोनवर सारखं विचारतात, "तिकडं शेत कसं करतात ते दाखवशील ना?" एका मैत्रिणीने पेनसिल्व्हेनियातलं लँकेस्टर सुचवलं, तिथे आमिश, म्हणजे जुन्या साध्या रीतीने राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचे लोक, अजून जनावरांवर शेती करतात म्हणून. दोन रात्री हातात आहेत. मुलं ९ आणि ५ वर्षांची, आई पूर्ण शाकाहारी. एक गोष्ट मात्र मनात खुटखुटतेय. ती माणसं काही प्रदर्शनात मांडलेली नाहीत. त्यांच्या दारापुढे कॅमेरा घेऊन उभं राहणं मला पटत नाही. कसं जावं?

रानवाट
मुक्ता, तुझी खुटखुट अगदी बरोबर आहे, आणि ती मनात ठेवूनच जा. आम्ही दोन वर्षांपूर्वी सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो होतो. सासरे शेतकरी, सासूबाई निवृत्त शिक्षिका.

पहिलं म्हणजे हॉटेल घेऊ नकोस, शेतावरच्या घरात राहा. पाहुणे ठेवणारी बरीच शेतघरं मेनोनाइट कुटुंबांची आहेत. मेनोनाइट म्हणजे आमिशांचे धर्मबंधूच. १६९३ मध्ये याकोब अम्मान हा धर्मगुरू त्यांच्यातून वेगळा झाला, त्याच्या मागे गेले ते आमिश. या मेनोनाइट घरांत वीज, गाडी सगळं असतं, आणि बांधाला बांध लागून आमिशांचं शेत.

आम्ही पोचलो त्या दिवशी शेजारच्या शेतात गवताचे गठ्ठे बांधायचं काम चालू होतं. चार खेचरं यंत्र ओढत होती आणि त्या यंत्रावर धडधडणारं इंजिन. सासरे चक्रावले. इंजिन चालतं तर ट्रॅक्टर का नाही? घरमालकीणबाईंनी समजावलं. गठ्ठे बांधायला इंजिन चालतं, पण शेतात ओढायला जनावरच हवं. ट्रॅक्टर आला की एकटा माणूस वाटेल तेवढी जमीन करतो, शेजाऱ्याची गरज उरत नाही, आणि पुढे त्याच ट्रॅक्टरवर बसून बाजारालाही जाऊ लागतो. म्हणून ट्रॅक्टर गोठ्यापाशी उभा करून त्यावर यंत्रं चालवतात, शेतात नेत नाहीत. काय घ्यायचं आणि काय नाही हे त्यांची मंडळी एकत्र बसून ठरवतात. त्या नियमांना ते ऑर्डनुंग म्हणतात. सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्याकडं इर्जिक होती तोवर गाव होतं." इर्जिक म्हणजे गावाने मिळून एकमेकांची शेतं करणं.

खेचरांना दम द्यायला तो शेतकरी बांधाशी थांबला. सासऱ्यांना इंग्रजीचा गंध नाही. त्यांनी खेचराच्या गळ्यातल्या जाड कॉलरकडे बोट दाखवलं आणि स्वतःच्या खांद्यावर थाप मारली. बैलाला खांदा येतो तसं याला होतं का, असं त्यांना विचारायचं होतं. त्या माणसाला नेमकं कळलं. त्याने कॉलर पुढे ओढून आतली कातडी दाखवली. केस घामाने चिकटलेले, पण जखम कुठेही नाही. मग कॉलर आणि गळा यांच्यामध्ये खालच्या बाजूने आपला तळवा सपाट सरकवून दाखवला, एवढी जागा राहिलीच पाहिजे. सासऱ्यांनीही हात घालून पाहिला. मी दुभाष्यासारखी शेजारी उभी होते, पण माझी गरजच पडली नाही. त्या क्षणाचा फोटो आमच्याकडे नाही आणि तो काढावासाही वाटला नाही.

फोटोचं सांगते. पोज देऊन फोटो काढून घेणं त्यांच्या श्रद्धेत बसत नाही, बायबलमधल्या मूर्तीच्या निषेधाशी ते जोडतात. शेत, कोठार, वाळत घातलेले कपडे लांबून टिपायला हरकत नाही, चेहरे मात्र नकोत. मुलांना आधीच समजावून ठेव.

बोलायची उत्तम जागा म्हणजे रस्त्याकडेची भाजीची टपरी. जुलैत मक्याची गोड कणसं असतात, टोमॅटो असतात. कणीस कधी खुडलं एवढं विचार, गप्पा आपोआप सुरू होतात. आपापसांत ते पेनसिल्व्हेनिया डच बोलतात, म्हणजे जर्मनचीच बोली, आणि बाहेरच्या सगळ्यांना ‘इंग्लिश’ म्हणतात, तुझ्या बाबांनासुद्धा.

एक गोष्ट मात्र मला बोचली. गोधड्यांच्या दुकानात सोळा-सतरा वर्षांची मुलगी होती. इतके बारीक, सारखे टाके की सासूबाई बोट फिरवतच राहिल्या. शाळेचं विचारलं तर म्हणाली, आठवीनंतर संपली. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेच त्यांना ती मुभा दिली आहे. मुलगी समाधानी दिसत होती, हेही खरं. पण सासूबाईंनी मुलींना शाळेत आणण्यासाठी घरोघरी पायपीट केलेली, त्या गाडीत गप्प बसून राहिल्या. मलाही ते पटत नाही. बाकी सगळ्याबद्दल आदर वाटतो, तरीही.

केतकी
शाकाहारी आईंसाठी: तिथे फरसबी बहुतेकदा हॅम घालून शिजवतात आणि ‘पाय’ (pie) या भाजलेल्या पदार्थाच्या कवचात डुकराची चरबी असू शकते, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी विचारायलाच हवं. चाऊ-चाऊ नावाचं भाज्यांचं आंबटगोड लोणचं, ताजे प्रेट्झेल आणि घरचा पाव यांवर माझ्या आईचं छान भागलं. रूट बिअर नावाला घाबरू नका, त्यात दारू नसते. शुक्रवारी लँकेस्टर शहरातल्या सेंट्रल मार्केटला जा. मंगळवार, शुक्रवार आणि शनिवारी भरतो. रविवार टाळाच. आमिशांची दुकानं, टपऱ्या सगळं बंद असतं.

दत्ता_हॅरिसबर्ग
या रस्त्यांवर माझी नेहमी ये-जा असते, म्हणून गाडी चालवण्याबद्दल कळकळीने सांगतो. लँकेस्टरच्या बग्ग्या करड्या रंगाच्या, संध्याकाळी रस्त्यात मिसळून जातात. मागचा नारिंगी त्रिकोण दिसेपर्यंत तुम्ही अगदी जवळ पोचलेले असता. चढ ओलांडताना वेग कमी ठेवा, हॉर्न वाजवू नका, घोडा बुजतो. समोरचा रस्ता मोकळा दिसेपर्यंत मागे थांबा. पायाने ढकलायच्या स्कूटरवर मुलंही असतात. रूट ३० वर दुकानांची गर्दी फार, शेतं बघायची तर ३४० किंवा ७४१ धरा.

मुलांना स्ट्रासबर्गची वाफेवरची रेल्वे दाखवाच. कंपनीची सनद १८३२ ची आहे. पॅराडाइजपर्यंत जाऊन परत, पाऊण तास, दोन्ही बाजूंना आमिश शेतं. बाबांना खिडकीची जागा द्या.

मुक्ता_एनजे
मनापासून आभार. रानवाट, ते कॉलरचं मी बाबांना फोनवर वाचून दाखवलं. लगेच विचारलं, "खेचरं किती वर्षांची होती?" गुरुवार-शुक्रवार ठरवतेय. धारा काढायच्या वेळी गोठ्यात जाऊ देतील का?

रानवाट
वय विचारायचं राहिलंच! आमच्या घरमालकीणबाईंनी येऊ दिलं होतं. तू घर ठरवतानाच विचारून घे, सगळीकडे चालतं असं नाही. पहाटे पाचच्या आसपास सुरुवात होते, मुलांना लवकर झोपव. आणि बाबांना सांग, जुने बूट बॅगेत टाका. गोठा धुतलेला असतो, पण शेतात उतरल्याशिवाय ते काही राहणार नाहीत.