लाल डगला विटका रंगवायचा की कोरा करकरीत?

जुनीवेस
दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं सोलापूरचीच लढाई टेबलावर मांडतोय, म्हणजे हातानं रंगवलेल्या बोटभर शिपायांचा खेळ. १० मे १८१८. ईस्ट इंडिया कंपनीचा जनरल मन्रो बेळगाव घेऊन इकडं आला आणि त्यानं पेठेवर हल्ला चढवला. समोर गणपतराव पानसे, पेशव्यांचं उरलंसुरलं पायदळ आणि तोफा, पाठीशी भुईकोट. पुढं १५ तारखेला किल्ला पडला. ज्या तटाखाली लहानपणी भेळ खाल्ली त्याच्यावरच तोफा लावायच्या, म्हणून चौघंही जरा जास्तच पेटलोय.

कंपनीची मद्रासी पलटण माझ्या वाट्याला आलीय. २८ मिलिमीटरचे ४८ शिपाई. पहिले बारा रंगवून मित्रांना फोटो पाठवला आणि भांडण सुरू झालं. मी डगले विटके रंगवलेत. एकजण म्हणाला, "काय बे, रक्त कमी झालंय का ह्यांना?"

आता मला सांगा, ही माणसं काय परेडला निघाली होती का? एप्रिल-मेच्या उन्हात धूळ खात चालत आलेली पलटण. आपल्याकडं मे महिन्यात गच्चीवर टाकलेली लाल चादर चार दिवसांत घडीच्या आत एक रंग दाखवते आणि बाहेर एक. मग शिपायाचा डगला कोरा कसा राहील? आणि सगळ्यांचा सारखा तरी कसा? म्हणून बारापैकी तिघांचा लाल मी मुद्दाम वेगळा केलाय. एकाच्या कोपरावर ठिगळसुद्धा आहे. ते मला आणि देवालाच दिसतं, पण आहे.

कृती अशी: तपकिरी प्राइमर (रंग धरावा म्हणून द्यायचा पहिला थर), त्यावर लाल रंगात थोडी खाकी मिसळून पहिला हात, मग घड्यांत उतरेल असा पातळ तपकिरी वॉश, शेवटी उंचवट्यांवर तोच लाल थोडा पांढरा टाकून. मॅट वॉर्निश. चकचकीत काही नको.

तीनफुटी
एवढं सगळं करून माझ्या टेबलावर ठेवशील आणि मी विचारीन, ही कुठली पलटण रे?

बघ, आपण खेळताना शिपाई साधारण तीन फुटांवरून बघतो. मी एकदा बसून हिशेब केला. तीन फुटांवरून २८ मिमीची फिगर बघणं म्हणजे खरा माणूस ५५ मीटरवरून बघणं. तेवढ्या अंतरावरून ठिगळ दिसतं का? बटण दिसतं का? लाल डगला, पांढरे पट्टे, काळं डोकं. संपलं. हे तिन्ही रंग ठळक लावायचे, पट्टे स्वच्छ ओढायचे, झाली पलटण. माझे २४ शिपाई दोन रविवारांत होतात. तुझे बारा किती दिवसांत झाले ते सांग आधी.

जुनीवेस
तीन आठवडे. त्यात पाच दिवस घरात पाणी नव्हतं, ब्रश धुवायचे वांधे. ते धरू नका.

बाकी हिशेब मला मान्य आहे, पण तो तुमच्याच विरुद्ध जातो की. ५५ मीटरवर उभा असलेला धुळीनं माखलेला माणूस टोमॅटोसारखा लाल दिसतो का? मधल्या हवेत, धुळीत रंग फिकाच होतो.

तीनफुटी
त्या माणसावर सोलापूरचं ऊन पडलेलं असतं, राजा. तुझ्या शिपायावर वीस वॅटची ट्यूब. खऱ्या डगल्याच्या घडीत सावली आपोआप पडते. दीड इंचसुद्धा नसलेल्या फिगरवर ती तूच रंगवायची असते, तीसुद्धा वाढवून. खऱ्यापेक्षा जास्त गडद सावली, खऱ्यापेक्षा जास्त उजळ उंचवटा. तू खरेपणा खरेपणा करत दोन्ही दाबून टाकलेस, मग शिपाई भिजवलेल्या खारकेसारखे दिसणारच.

रंगखाता
आधी ते चादरीचं मागं घे. चार दिवसांत विटणारी चादर आमच्या सोलापूरची नव्हे. तीस वर्षं रंगखात्यात काढलीत मी. पक्का रंग कसा चढवतात आणि कच्चा कसा खपवतात, दोन्ही डोळ्यांनी पाहिलंय.

आता मुद्द्याचं. त्या काळी गोऱ्या पलटणींतल्या साध्या शिपायाचा लाल येत होता मॅडरच्या मुळापासून, म्हणजे आपल्या मंजिष्ठेच्या भावकीतलं झाड. अधिकाऱ्याचा शेंदरी लाल कोचिनील नावाच्या किड्यापासून, तो महाग. दोन्ही लाल शेजारी ठेवले तर आंधळ्यालाही कळतील. आणि मॅडर काही लोकरीवरून एका उन्हाळ्यात उडून जाणारा रंग नाही. तो सावकाश उतरतो, आणि उतरतो तो विटेच्या अंगानं, तपकिरीकडं. सरसकट गुलाबी होत नाही.

तुझ्या फोटोतले शिपाई गुलाबी झालेत बाळा. लालात पांढरा टाकलास की दुसरं काय होणार? रंगखात्यात पोराला पहिल्या आठवड्यात कळतं हे. पांढऱ्याऐवजी गेरू घाल, नाहीतर पिवळसर मातकट काहीतरी. उजळ होईल आणि लालपणाही टिकेल.

म्हणजे विटका रंगव हे मी तुझ्या बाजूनं म्हणतो, पण तू रंगवलायस तो विटका नाही.

जुनीवेस
काका, चादरीचं मागं घेतलं. गेरूचं आज रात्रीच करून बघतो.

तीनफुटी
काकांनी माझंच काम केलं. अधिकारी शेंदरी, शिपाई विटकरी, म्हणजे शेवटी फरक ठळकच दाखवायचा ना?

रंगखाता
तुझंही नाही केलं. तुझे २४च्या २४ एका डब्यातले वाटतात. एकाच वेळी रंगवून काढलेलं सूतसुद्धा पहिल्या लडीपासून शेवटच्या लडीपर्यंत तंतोतंत एक निघत नाही. आणि तू एका पलटणीला एक लाल लावून मोकळा.

गनिमीकावा
तुम्ही कंपनीच्या डगल्यावर तीन दिवस घालवलेत. मराठ्यांकडची बाजू मी रंगवतोय, तिकडं कोणी बघेल का?

मला तिसराच त्रास आहे. ज्याला दाखवावं तो म्हणतो, भगवे फेटे कर सगळ्यांना. अरे, पेशव्यांच्या त्या पायदळाला असा एक ठरलेला पोशाख नव्हता. त्यात अरब होते, ते त्यांच्या कपड्यांत. बाकीचे ज्याला जे मिळालं त्यात. मी पांढऱ्याचे पाच-सहा प्रकार केलेत: धुतलेला, न धुतलेला, पिवळट, राखाडी, चहात बुडवल्यासारखा. पागोटी लाल, हिरवी, मळकी, मिळतील तशी. झेंडा तेवढा भगवा. तर आमच्याच घरातले म्हणतात, हे मराठे वाटत नाहीत, बाजारातली गर्दी वाटते.

तीनफुटी
गर्दीच वाटणार. खेळात समोरच्याला तुझी तुकडी कुठं संपते आणि दुसरी कुठं सुरू होते ते एका नजरेत कळायला हवं. तुकडीगणिक एक रंग धर. एकीचे कमरपट्टे लाल, दुसरीचे निळे.

गनिमीकावा
म्हणजे मी त्यांना नसलेला गणवेश शिवून देऊ? तुकडी ओळखायची तर बेसच्या, म्हणजे शिपायाच्या पायाखालच्या चकतीच्या, मागच्या कडेला ठिपका दे एक. मला चालेल. पण दोनशे वर्षांनी मी पानशांच्या माणसांना कमरपट्टे वाटणार नाही.

जुनीवेस
ठिपका मस्त आहे. मीपण घेतो.

नवाहात
मध्येच विचारतो, माफ करा. मी १/७२ चे, म्हणजे खऱ्या माणसाच्या बहात्तराव्या हिश्शाचे, प्लॅस्टिकचे शिपाई घेतलेत, स्वस्त पडतात म्हणून. जुळे सोलापुरात राहतो, गच्चीवर दुपारी स्प्रे प्राइमर मारला तर सगळ्यांच्या अंगावर रवा पसरल्यासारखं झालंय. डबा खराब लागला का?

तीनफुटी
डबा ठीक असेल, दुपार खराब आहे. एवढ्या उन्हात फवारा फिगरपर्यंत पोचायच्या आधीच हवेत वाळतो आणि कोरडी पूड चिकटते. पहाटे मार, सहा-सातच्या सुमाराला, थोडं जवळून. किंवा सरळ ब्रशनं लावायचा प्राइमर घे. आणि ते मऊ प्लॅस्टिक आधी साबणानं धू, नाहीतर रंग बंदुकीच्या टोकावरून सोलून निघतो.

रंगखाता
ताटलीत रंग वाळतो का तुझा? डब्याच्या झाकणात ओला स्पंज, वर बटर पेपर, त्यावर रंग काढ. मे महिन्यातसुद्धा दोन तास ओला राहतो.

तीनफुटी
जुनीवेस, तुझा तो पहिला फोटो आत्ता मोठा करून बघितला. शिपायांच्या पायाखाली काय आहे रे?

जुनीवेस
गवत. मखराच्या सामानात मिळतो तो हिरवा भुसा, फेव्हिकॉलवर टाकलाय. का?

तीनफुटी
१० मे. सोलापूर. हिरवंगार गवत.

गनिमीकावा
😂😂 डगला विटला, पण लॉन ताजं.

रंगखाता
अरेरे.

तीनफुटी
तीन दिवस आम्हाला ऊन शिकवलंस. लोकर विटवणारं ऊन गवताला मात्र पाणी घालत होतं वाटतं.

जुनीवेस
...

हसा. बरोबर आहे, आणि मला एकदाही दिसलं नाही. पुस्तकातले सगळे इंग्रजी शिपाई हिरव्या बेसवर असतात, हात तिकडंच गेला. युरोपातल्या वॉटर्लूचं गवत सोलापुरात उगवलं.

काळी माती करू का मग?

गनिमीकावा
मेमध्ये काळी माती काळी कुठं दिसते? ती ओली असताना काळी. उन्हाळ्यात ढेकळं राखाडी पडतात आणि भेगांत तेवढा गडदपणा उरतो. गडद तपकिरीवर फिकट राखाडीचा ड्रायब्रश मार, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशचा हात. एखादी भेग ब्लेडनं पाड, वाळक्या काड्या दोन-तीन. बास.

तीनफुटी
आणि त्या राखाडीवर तुझा विटका लाल कसा बुडतो ते बघ. मग येशील माझ्याकडं.

जुनीवेस
बुडाला तर बुडाला. गेरूवाला एक शिपाई करून झालाय. काकांचं खरं निघालं, जुन्या कौलासारखा दिसतोय, गुलाबी छटा गेली. तो आणि तुमचा एक टोमॅटो रविवारी राखाडी बेसवर शेजारी ठेवू, ट्यूबखाली, तीन फुटांवर दोरी धरून. चष्मा मात्र सगळ्यांनी आपापला आणायचा.

तोपर्यंत बाराचे बेस खरवडतोय. पहिल्याच शिपायाचा डावा पाय घोट्यातून गेला. घरची माती चाळायला पिठाची चाळणी मागितली तर आईनं नुसतं बघितलं माझ्याकडं. कोणाकडं जुनी चाळणी आहे का?