'झपाटलेले घर' आणि 'झपाटलेला माणूस': दोहोंसाठी एकच शब्द मिळेल का?

मांडवीकाठ
सध्या एका इंग्रजी कादंबरीचा मराठी अनुवाद करीत आहे. ज्या प्रकाराला तिकडे पॅरानॉर्मल रोमान्स म्हणतात, त्यातली ही प्रेमकथा असून तिचे दोन्ही नायक पुरुष आहेत. मारहाण करणारा, पगार काढून घेणारा आणि प्रत्येक भांडणानंतर 'असे काही घडलेच नव्हते, तुझ्याच मनाचे खेळ' असे पटवून देणारा जोडीदार सोडून एक तरुण पळून येतो आणि अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या एका जुन्या घरात भाड्याने राहू लागतो. त्या घरात फार पूर्वी समुद्रात बुडालेल्या एका पुरुषाचा वावर आहे. दोघांचा जीव जडतो आणि त्या सहवासात हा तरुण हळूहळू माणसात येतो.

अडचण अशी की लेखक 'हॉन्टेड' हे विशेषण पहिल्या प्रकरणात घराला लावतो आणि तिसऱ्या प्रकरणात, अगदी जाणूनबुजून, तेच नायकाला लावतो. घरातले भूत निरुपद्रवी आहे. माणसाच्या मानगुटीवर बसलेले भूत मात्र दूरच्या शहरात जिवंत आहे. सारी कादंबरी या विरोधावर उभी असल्यामुळे मला दोन्हीकडे एकच शब्द हवा. मी 'झपाटलेले' योजला होता, पण कच्चा मजकूर वाचणाऱ्या एका मित्राने हरकत घेतली. आज 'झपाटलेला' हे कौतुकाचे विशेषण झाले आहे, 'ध्येयाने झपाटलेली माणसे' असे आपण सत्कारसमारंभात ऐकतो, असे त्याचे म्हणणे. 'पछाडलेला' म्हणावे, तर रोगाने, कर्जाने, चिंतेने माणूस पछाडला जातो, घर नव्हे. कृपया सुचवावे.

अंत्रुजकर
मित्राची हरकत रास्त आहे, पण तेवढ्यासाठी शब्द टाकून देण्याचे कारण नाही. समारंभातल्या भाषणांनी झिजवलेल्या शब्दाला मूळ अर्थ परत मिळवून देणे हेही अनुवादकाचे कामच आहे. पर्याय हवाच असेल तर 'बाधा' घ्यावा. 'घराला बाधा आहे' आणि 'त्याला बाधा झाली आहे' ही दोन्ही वाक्ये मराठीत नैसर्गिक वाटतात.

एक गोष्ट मात्र लक्षात आणून द्यावीशी वाटते. जो श्लेष तुम्ही शोधत आहात तो 'भूत' या शब्दातच आहे. 'भू' म्हणजे होणे, आणि 'भूत' म्हणजे जे होऊन गेले ते. भूतकाळातला भूत आणि पिंपळावरचे भूत हे व्युत्पत्तीने एकच आहेत. इंग्रजीला जे दोन प्रकरणांत साधावे लागले ते मराठीने एका शब्दात साधले आहे.

पेडण्याची लेक
अंत्रुजकर सर, 'बाधा' चांगला आहे, पण त्याचे विशेषण केले की तो हातचा जातो. 'बाधित' म्हटले की पूरबाधित, खाणबाधित, कोरोनाबाधित अशी सरकारी यादी डोळ्यांसमोर येते. 'भूत' शब्दातला श्लेष व्याकरणाच्या तासाला शोभेल, पण बोलताना तो कोणाच्या मनात येतो?

मला 'लागणे' हे क्रियापद सुचते. भूत लागते, नजर लागते, तसाच जीव लागतो, लळा लागतो, ओढही लागते. या कादंबरीत लागलेले एक भूत सुटायचे आहे आणि दुसऱ्याशी जीव लागायचा आहे. हॉन्टेडला विशेषणच शोधायला हवे हा हट्ट सोडला, तर संपूर्ण कथानक या एका क्रियापदावर पेलता येईल.

सत्तरीकर
आमच्या भागात 'झपाटलेले घर' असे कोणी म्हणत नाही. 'थंय आसा' एवढेच म्हणतात, म्हणजे 'तिथे आहे'. काय आहे ते उच्चारायचे नाही, वाक्याचा कर्ता मुद्दाम गाळायचा. माणसाबद्दल बोलताना 'त्याला बाहेरचे लागले' म्हणतात. लेकीने सुचवलेले 'लागणे' म्हणूनच मला जवळचे वाटते.

मात्र मुळात त्या बुडालेल्या पुरुषाला 'भूत' म्हणावे का, याचा विचार व्हावा. जो घर राखतो, निरुपद्रवी आहे, आत येणाऱ्याला सांभाळतो, त्याला आपल्याकडे देवचार म्हणतात, राखणदार म्हणतात, 'जाग्यावयलो' म्हणतात. खांद्यावर कांबळ, हातात काठी आणि तोंडात विडी असा तो रात्री शीव फिरतो, आणि वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्याला रोट, विडी आणि दारू ठेवतात. त्याची भीती असते, पण ती वडीलधाऱ्याची भीती असते. नायकाला सावरणारा आत्मा 'देवचार' असेल तर गोव्यातल्या वाचकाला एका शब्दात सगळे समजेल.

अंत्रुजकर
सत्तरीकरबाब, माझी याला ठाम हरकत आहे. 'देवचार' गोव्याबाहेरच्या मराठी वाचकाला कळणार नाही, आणि गोव्यातही तो सर्वांना एकाच अर्थाने कळत नाही. ख्रिस्ती कोंकणीत 'देंवचार' म्हणजे सैतान. प्रार्थनेत ज्याच्यापासून रक्षण मागतात तोच. एकाच गावातल्या दोन शेजाऱ्यांपैकी एकाला हा शब्द राखणदार वाटेल आणि दुसऱ्याला नरकाचा धनी. शिवाय देवचार जागेचा असतो. बुडून मेलेला, इच्छा अपुरी राहिलेला माणूस देवचार होत नाही. अमेरिकेतल्या त्या घराला सत्तरीची शीव लावणे म्हणजे अनुवाद सोडून रूपांतर करणे झाले.

मडगावचा वकील
मांडवीकाठ यांच्या प्रश्नाच्या पहिल्याच परिच्छेदात जे वर्तन आले आहे, त्याचे नाव अजून कोणीच घेतलेले नाही. मारहाण, पगार हिरावणे, घडलेले नाकारणे या सर्वांना मिळून मराठीत काय म्हणायचे? 'अत्याचारी नाते' हा शब्दप्रयोग वर्तमानपत्री आहे आणि चुकीचाही, कारण अत्याचार माणूस करतो, नाते करीत नाही.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने या बाबतीत मोठे काम केले आहे. त्याने हिंसाचाराच्या व्याख्येत शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक असे चारही प्रकार घेतले. पगार काढून घेणे हा हिंसाचार आहे, हे त्यामुळे न्यायालयात सांगता येते. परंतु त्या कायद्याखाली दाद मागण्याचा अधिकार स्त्रीला आहे. दोन पुरुषांपैकी एकाने दुसऱ्याला छळले, तर त्याला मारहाणीच्या आणि धमकीच्या सर्वसाधारण कलमांकडे जावे लागते, आणि ती कलमे एकेक घटना पाहतात, नात्याचा सगळा पट पाहत नाहीत. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमाची व्याप्ती कमी करीपर्यंत तर अशा माणसाला तक्रार करताना आपले संबंध उघड करून स्वतःच आरोपी होण्याची भीती होती. माझ्या मते त्यामुळेच या छळासाठी मराठीत रुळलेला शब्द नाही.

अंत्रुजकर
वकीलसाहेब, शब्द आहे, आणि तो तुम्ही स्वतः शेवटी वापरलाही: छळ. संस्कृतात 'छल' म्हणजे कपट. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या प्राचीन तर्कशास्त्रात, तर ती नेमकी संज्ञा आहे. समोरच्याच्या शब्दांना त्याच्या मनात नसलेला अर्थ चिकटवून त्याला खोटे पाडणे म्हणजे छल. त्याचे प्रसिद्ध उदाहरण 'नवकंबल' हे आहे. एकजण म्हणतो, याच्याजवळ नवे कांबळे आहे, आणि दुसरा म्हणतो, खोटे, याच्याजवळ नऊ कांबळी कुठे आहेत? संस्कृतात 'नव' म्हणजे नवे आणि नऊही. मराठीत आल्यावर या शब्दाचा अर्थ गांजणूक असा झाला, पण कपटाची मुळे त्यात शिल्लक आहेत. 'असे तू बोललाच नव्हतास, तुला तसे म्हणायचेच नव्हते' असे रोज ऐकवून माणसाचा स्वतःवरचा विश्वास उडवणे, याला 'छळ' याहून नेमका शब्द कोणत्या भाषेत मिळेल?

नाव नको
मी या विषयात केवळ शब्दांसाठी आलेलो नाही. मी पुरुष आहे, आणि एका पुरुषाबरोबरच्या अशा नात्यातून बाहेर पडलो आहे. म्हणून थोडे लिहितो.

अंत्रुजकर सरांचे न्यायशास्त्रातले उदाहरण वाचून मी थांबलो. माझ्या बाबतीत हेच होत असे. मी 'उशीर होईल' म्हटले की त्याचा अर्थ 'मला घरी यायचे नाही' असा लावला जाई, आणि पहाटेपर्यंत मी न बोललेल्या वाक्याचा खुलासा देत बसे. त्यामुळे 'छळ' मला मान्य आहे.

पण कादंबरीतला तरुण तो शब्द स्वतःसाठी केव्हा वापरतो, हे अनुवादकाने पाहावे, अशी विनंती आहे. आत असताना आपण तो वापरत नाही. मी 'भांडण' म्हणत असे आणि मित्रही 'तुम्हा दोघांचे भांडण मिटले का?' असेच विचारत. 'भांडण' म्हटले की दोन बाजू समान होतात. एकदा मी 'सासुरवास' म्हटले होते, कारण रोजच्या धाकाला घरात ऐकलेला तेवढाच शब्द माझ्याजवळ होता, आणि ऐकणारे हसले. पुरुषाच्या तोंडी तो शोभत नाही, असे त्यांना वाटले. 'पीडित' तर मला नको आहे. तो अहवालातला शब्द आहे आणि तो एकदा चिकटला की माणूस कायम तेवढाच उरतो.

बरे होण्याबद्दलही एक सांगतो. ताप उतरतो, विष उतरते, भूत उतरते, पण हे तसे एकदाच उतरत नाही. दाराबाहेर चाव्यांचा आवाज झाला की मी अजूनही हातातले काम टाकून उभा राहतो. कोणी तरी उतारा टाकला आणि नायक मोकळा झाला, असा भास भाषेतून होऊ नये. 'सावरणे' चालेल, कारण सावरलेला माणूस पुन्हा तोल जाऊन पुन्हा सावरू शकतो.

पेडण्याची लेक
नाव नको, तुम्ही लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. 'छळ' बाहेरून पाहणाऱ्याचा शब्द आहे, हे तुमच्यामुळे लक्षात आले. आतल्या माणसासाठी 'काच' कसा वाटतो? 'फार काच आहे हो त्या घरात' असे आमच्याकडे बायका म्हणतात. करगोटा काचतो, नाडी काचते, तसा माणूस माणसाला काचतो. त्यात आरोप कमी आणि अंगावरची जाणीव जास्त आहे. ज्याला अजून 'छळ' म्हणवत नाही, त्याला 'काच' म्हणता येईल.

मांडवीकाठ
सर्वांचे आभार. पहिल्या प्रकरणांत 'काच' आणि नायक स्वतःच्या तोंडाने सगळे सांगतो त्या प्रकरणात प्रथमच 'छळ' असा क्रम मी लावून पाहते. 'पीडित' सगळीकडून काढून टाकत आहे.

'भूत' शब्दाचे मात्र अडलेलेच आहे. देवचार नको हे मला पटते, म्हणून 'समंध' घेण्याचा विचार आहे. समंध म्हणजे संबंधच. 'तुझा काय समंध?' असे खेड्यात आजही म्हणतात. ज्याचा संबंध सुटलेला नाही तो समंध, मग तो मेलेला असो की जिवंत. घरातला समंध आणि जुन्या नात्याचा समंध असा श्लेष मला मिळतो.

अंत्रुजकर
बोलीत 'संबंध'चा 'समंध' होतो हे खरे आहे, पण तुम्ही काढलेला अर्थ लोकांच्या मनात नाही. समंध म्हटले की इस्टेटीत किंवा पुरलेल्या धनात वासना अडकलेला ब्राह्मण. त्या शब्दाला प्रेमाचा वास नाही. प्रेमकथेचा नायक समंध आहे असे वाचून वाचक पहिल्या पानावर बिचकेल.

सत्तरीकर
सरांचे बरोबर आहे, आणि त्यातून एक वेगळेच दिसते. आपली भुते बहुतेक सोयरीक आणि वारसा यांवरून ओळखली जातात. मुंज झाली पण लग्न झाले नाही तो मुंजा, बाळंतपणात गेली ती आलवंतीण, मालमत्तेत जीव गुंतला तो समंध. पुरुषावर जीव असलेल्या आणि तो अपुरा राहिलेल्या पुरुषासाठी या यादीत जागाच नाही. तेव्हा जुना शब्द शोधत बसण्याऐवजी त्याला त्याच्या नावानेच हाक मारावी आणि निवेदनात 'तो' एवढेच ठेवावे. आमच्याकडचे 'तिथे आहे' हेच त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटते.

पेडण्याची लेक
मग हाक कशी मारायची हा प्रश्न येतो, आणि तो इंग्रजीत नसल्यामुळे मूळ लेखकाने सोडवलेला नसणार. बुडालेला पुरुष एका जुन्या पिढीचा आहे. नायक त्याला 'तुम्ही' म्हणेल की 'तू'? आणि पहिला जोडीदार? माझे मत असे की पहिल्या जोडीदाराला नायकाने 'तुम्ही' म्हणावे. त्यातूनच धाक कळेल, आणि घरातल्या त्या पुरुषाशी बोलताना 'तुम्ही'वरून 'तू'वर येण्यात जवळीक कळेल.

नाव नको
याला माझा विरोध आहे. समवयस्क पुरुष एकमेकांना 'अरे-तुरे'च करतात, आणि धाक 'अरे' म्हणतानाही असतो. मी त्याला 'तू' म्हणत होतो. 'तुम्ही' घातलेत तर ते जुन्या वळणाच्या नवरा-बायकोसारखे वाटेल, आणि मग मला हसलेल्या लोकांना वाटले होते तसेच वाचकालाही वाटेल की यातला एकजण बायकोच्या जागी आहे. तसे नसते. दोघेही पुरुष असतात, दोघेही 'तू' असतात, आणि तरीही त्यातला एकजण दुसऱ्याला घाबरून असतो.

पेडण्याची लेक
तुमचा अनुभव मी नाकारत नाही. पण कागदावर 'तू' आणि 'तू' सारखेच दिसतात. तो फरक वाचकाला कशातून दाखवायचा? मांडवीकाठताई, दोघांच्या भांडणाचे एखादे पान येथे ठेवाल का, म्हणजे दोन्ही प्रकारे लिहून पाहता येईल.