कोड बदलला, रीडमी तिथेच! तुम्ही लोक डॉक्युमेंटेशन कसं सांभाळता?

कोडवेडा: मंडळी, एक छोटी पायथन लायब्ररी आहे ओपन सोर्स, आम्ही तिघं नोकरी सांभाळून बघतो. मागच्या रिलीजला एका फंक्शनचा टाइमआउट मिलिसेकंदांवरून सेकंदांवर आणला, कोड बदलला, टेस्ट बदलल्या, सगळं हिरवं, आणि रीडमीतलं (प्रोजेक्टच्या पहिल्या पानावरच्या माहितीच्या फाइलमधलं) उदाहरण राहिलं तसंच, टाइमआउट (उत्तराची किती वेळ वाट बघायची ते) ५०००. लोकांनी तेच उचलून चिकटवलं आणि सर्व्हर बंद असला की प्रोग्राम सव्वा तासाहून जास्त गप्प बसून राहायला लागला 😐 यावर उपाय काय करता?

सेमीकोलन_हरवला: डॉकटेस्ट वापर ना, डॉक्समधली उदाहरणं चालवून आउटपुट जुळतं का बघणारं टूल, पायथनसोबतच येतं. उदाहरणं >>> लावून लिहायची, पायटेस्टला (टेस्ट चालवणारं टूल) डॉकस्ट्रिंगही (कोडमध्येच फंक्शनखाली लिहिलेली माहिती) तपासायला सांगायच्या आणि रीडमीची फाइलही द्यायची, मग उदाहरण मोडलं की सीआय (प्रत्येक बदलावर आपोआप टेस्ट चालवणारी यंत्रणा) लाल. रस्ट भाषेत तर कार्गो टेस्ट ही कमांड हे आपणहूनच करते. फक्त आउटपुट अक्षरन् अक्षर जुळावं लागतं, मेमरी अ‍ॅड्रेस वगैरे छापत असेल तर एलिप्सिस ऑप्शन लावून तीन टिंबं द्यायची.

जुनाजाणता: डॉकटेस्ट चांगलंच आहे पण याच्या केसमध्ये ते हिरवंच राहिलं असतं की! ५००० सेकंद हेही चालणारंच उदाहरण आहे, सर्व्हरने लगेच उत्तर दिलं की पास. चूक डॉक्समध्ये नंतर झाली, आधी नावात झाली. अर्थ बदलला तर नाव पण बदलायचं, टाइमआउट_सेकंद असं काहीतरी, आणि सिग्नेचरमध्ये (फंक्शनचं नाव आणि पॅरामीटर असलेली ओळ) त्याच्या आधी * टाकून कीवर्ड-ओन्ली करायचं, म्हणजे नाव लिहूनच किंमत देता येते आणि जुना कोड टाइपएररने जागीच पडतो. एखादं व्हर्जन जुनं नाव वॉर्निंग देऊन चालू ठेवलंत तर लोक शिव्या कमी देतील.

रात्रपाळी: आमच्याकडे उलटं झालेलं, डॉक्स कोडच्या पुढे! रीड द डॉक्सवर (डॉक्स होस्ट करणारी साइट) डिफॉल्ट 'लेटेस्ट' होतं म्हणजे मेन ब्रँच, जिथे रिलीज न झालेला कोडही असतो, आणि पिपने (पायथनचा इन्स्टॉलर) येणार शेवटचा रिलीज, त्यामुळे लोक अजून न आलेलं फंक्शन शोधत बसायचे. डिफॉल्ट 'स्टेबल' म्हणजे शेवटचा रिलीज केलं आणि इश्यू (लोकांच्या तक्रारी) थांबले.

सेमीकोलन_हरवला: @जुनाजाणता मान्य. शिवाय ऑटोडॉक (कोडमधून डॉक्स बनवणारं टूल) सिग्नेचर कोडमधून उचलतं, पण खालचं वर्णन शेवटी माणसानेच लिहिलेलं असतं. म्हणून डॉक्स कोडबदलाच्या त्याच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल सामील करा अशी विनंती) हवेत, "नंतर करतो" म्हणणारा परत येत नाही. नवीन माणूस असेल तर मीच लिहून टाकतो, उगाच पळून जायचा.

कोडवेडा: नाव बदलतोय. रीडमीवर डॉकटेस्ट पण चालवलं पण पहिलंच उदाहरण बरोबर असून फेल, म्हणे आउटपुटमध्ये तीन बॅकटिक (` हे चिन्ह) हवे होते??

सेमीकोलन_हरवला: हाहा, सगळे तिथेच अडकतात. डॉकटेस्टला मार्कडाउन (रीडमी ज्यात लिहितात ती खुणांची पद्धत) कळत नाही, कोडब्लॉक बंद करणारे बॅकटिक पण तो आउटपुटच समजतो. त्या बॅकटिकच्या आधी एक रिकामी ओळ सोड.

कोडवेडा: झालं! सातपैकी तीन फेल. त्यातलं एक फंक्शन तर आम्ही दोन रिलीजपूर्वीच काढून टाकलंय 🤦