मदत हवी आहे: बिनदारूची कॉकटेल्स पाणचट होतायत, परवा पाहुणे आहेत!

अर्धीवाटी
मंडळी, लवकर सांगा. शनिवारी घरी नऊ जण येणार आहेत. काही पिणारे, काही न पिणारे. न पिणाऱ्यांच्या हातात नुसतं पाणी आणि बाकीच्यांच्या हातात रंगीत ग्लास, हे मला नको आहे. म्हणून बिनदारूची कॉकटेल्स करून पाहिली. काल दोनदा केली, दोन्ही वेळा फसली. पहिला घोट म्हणजे पाणी आणि शेवटचा घोट म्हणजे सरबताचा गाळ. टॉनिक (ते कडसर फेसाळ पाणी) चांगल्यातलं आणलं होतं, तरीही. व्हिडिओत दाखवलं अगदी तसंच केलं. काय चुकतंय तेवढंच सांगा. 'शोधा म्हणजे सापडेल' असले प्रतिसाद कृपया नकोत.

मोजूनमापून
ग्लासात काय काय घातलं? प्रमाण किती? ग्लास किती मिलीचा? बर्फ मोठा की चुरा? सोडा गार होता का?

तिरकाचष्मा
दारू नसलेल्या कॉकटेलला आमच्याकडे सरबत म्हणतात. सरबत म्हणा आणि मोकळ्या व्हा.

बोलघेवडी
मी नेहमी ग्लासच्या काठाला लिंबू फिरवून मीठ लावते, काय सुंदर दिसतं! अर्ध्याच काठाला लावायचं, म्हणजे ज्याला नको तो दुसऱ्या बाजूने पितो.

अर्धीवाटी
@मोजूनमापून सगळं नेहमीचंच हो. लिंबू, पाक, पुदिना, टॉनिक. बर्फ भरपूर. शेकरमध्ये घालून छान हलवलं.
@बोलघेवडी काठाचा प्रश्नच नाहीये, आतलं बिघडलंय!

रसायनवाला
थांबा थांबा. टॉनिकसुद्धा शेकरमध्ये?

अर्धीवाटी
हो, मग? हलवतात ना सगळं एकत्र? पहिल्या वेळी झाकण उडालं, आणि टॉनिक लिंबाच्या बियांसकट छताला गेलं. दुसऱ्या वेळी झाकणावर फडकं धरून हलवलं.

रसायनवाला
फडक्याबद्दल दंडवत घ्या.
ताई, फेसाळणारं काहीही शेकरमध्ये जात नाही. लिंबू, पाक, रस एवढंच बर्फाबरोबर हलवायचं, गाळून ग्लासात ओतायचं आणि टॉनिक किंवा सोडा सगळ्यात शेवटी. तोही ग्लास तिरका धरून, कडेने. मग चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच हलकेच वर उचलायचा. चमच्याने घुसळत बसलात तर उरलासुरला वायूही गेला म्हणून समजा.
दुसरं म्हणजे बाटली रात्रभर फ्रिजमध्ये हवी. ० अंशाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड २० अंशांच्या पाण्याच्या साधारण दुप्पट विरघळतो. कोमट सोडा बर्फावर ओतला की तो फसफसून सगळा वायू तिथेच सोडतो, शिवाय बर्फही वितळवतो. तुमचा पाणचटपणा निम्मा इथूनच आलाय.

तिरकाचष्मा
म्हणजे त्या चांगल्यातल्या टॉनिकचे पैसे छताला गेले. तसंही टॉनिक म्हणजे सोडाच ना, बाटली तेवढी देखणी.

मोजूनमापून
नाही. सोडा म्हणजे पाणी आणि वायू, फार तर थोडे क्षार. टॉनिकमध्ये क्विनाइन नावाचं कडू द्रव्य असतं, त्याचा कडवटपणा असतो आणि साखरही असते. साध्या टॉनिकमध्ये १०० मिलीला ८-९ ग्रॅमपर्यंत. २०० मिलीची बाटली म्हणजे चार चमचे साखर आधीच ग्लासात. त्यावर पाक घातला की विषय संपला. हलकं पेय करायचं असेल तर आधी लेबल वाचावं.
आणि मिक्सर, म्हणजे वरून ओतायचं टॉनिक किंवा सोडा, चांगला घ्या म्हणतात ते नखरे म्हणून नाही. ज्या ग्लासात तीन चतुर्थांश मिक्सरच आहे, त्यात मिक्सर हेच पेय. घेताना छोट्या बाटल्या घ्या. मोठी बाटली तिसऱ्या ग्लासापर्यंत मवाळ होते.
धागाकर्तीने प्रमाण अजून सांगितलेलं नाही.

जुनाखोड
सगळे उगाच डोकं शिणवताय. उपाय एकच, बिटर्स, म्हणजे मसाल्यांचा कडू अर्क. चार थेंब टाका, सरबताचं कॉकटेल होतं. त्यातलं अँगोस्तुरा १८२४ पासून बनतंय, व्हेनेझुएलातल्या त्याच नावाच्या गावात एका जर्मन डॉक्टरने पोटासाठी औषध म्हणून काढलं. दोनशे वर्षं टिकलंय ते उगाच नाही. मी आइस्क्रीमवरसुद्धा टाकतो.

शून्यटक्के
काका, त्या औषधात ४४.७ टक्के अल्कोहोल आहे. बिनदारूच्या धाग्यावर हा सल्ला?

जुनाखोड
चार थेंबांनी कोणाला चढत नाही. हिशोब करा की.

शून्यटक्के
करतो. थेंब साधारण ०.०५ मिलीचा, म्हणजे चार थेंबांत ०.०९ मिली अल्कोहोल. २०० मिलीच्या ग्लासात ०.०५ टक्क्याच्या आतबाहेर. मान्य, नगण्य आहे. पण लोक थेंब मोजत नाहीत, बाटली उलटी करून तीनदा झटकतात. ते दोन-अडीच मिली होतं, आणि पेय अर्ध्या टक्क्यावर जातं. प्रश्न चढण्याचा नाहीच. ज्याने सोडली आहे, जो औषधं घेतो किंवा ज्याला तत्त्व म्हणून नको आहे, त्याला न सांगता घालणं ही फसवणूक आहे.

जुनाखोड
पिकलेल्या केळ्यातही अंशभर अल्कोहोल असतं. केळीही सांगून द्या आता.

तिरकाचष्मा
मी खुर्ची ओढून बसलोय. चालू द्या.

अर्धीवाटी
अहो, भांडू नका. बिटर्स आहेत माझ्याकडे, कालही घातले होते. वहिनीला सातवा महिना चालू आहे, तिला मिरवायला मिळावं म्हणून तर हा सगळा खटाटोप.

शून्यटक्के
!!!!
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं, ताई.

बोलघेवडी
अय्या, अभिनंदन! डोहाळजेवण झालं का?

रसायनवाला
वहिनींच्या ग्लासात बिटर्स नकोतच. आणि टॉनिकही नको. जर्मनीच्या सरकारी जोखीम-मूल्यमापन संस्थेचा गरोदर स्त्रियांना स्पष्ट सल्ला आहे की खबरदारी म्हणून क्विनाइन असलेली पेयं टाळावीत. हा काही घाबरवायचा प्रकार नाही, डॉक्टरांशी बोला. पण पार्टीपुरता साधा सोडा वापरला तर काय बिघडतं? जिंजर बिअर चालेल, फक्त ती आंबवलेली आहे का ते लेबलवर बघा. कोंबुचा (आंबवलेला चहा) नको, त्यात थोडं अल्कोहोल असतंच.

जुनाखोड
गरोदर बाई आहे हे मला कोणी सांगितलं होतं का? तिला नाहीच द्यायचे. मी आपलं बाकीच्यांसाठी म्हणत होतो.

अर्धीवाटी
बापरे. काल ती नव्हती, मीच प्यायले. पण मग तिच्या ग्लासात उरलं काय, लिंबू-सोडा? म्हणजे @तिरकाचष्मा म्हणतात ते सरबतच झालं की.

आंबटशौकीन
आयडीवर जाऊ नका, मी खरंच आंबटाचा शौकीन आहे.
दारू काढली की तीन गोष्टी जातात: घशाचा चटका, तुरट-कडवट चव आणि अंगचा जडपणा. त्या दुसरीकडून आणायच्या. चटक्यासाठी आल्याचा रस. तुरटपणासाठी कडक कोरा चहा, गार करून. आणि चिमटीतलं चिमटीभर मीठ, खारट लागणार नाही इतकंच. माझं एका ग्लासाचं माप: चहा ६० मिली, लिंबाचा रस २०, पाक २०, आल्याचा रस चमचाभर. बर्फाबरोबर शेकरमध्ये हलवायचं, गाळायचं, वरून १०० मिली गार सोडा.
त्याहून भारी म्हणजे श्रब. फळाच्या फोडी आणि साखर समान वजनाने, एक रात्र झाकून फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी सुटलेला रस गाळून त्यात तेवढंच व्हिनेगर थोडं थोडं चाखत घालायचं. ३० मिली श्रबवर सोडा ओतला की घोट घेतल्यावर माणूस थबकतो. ही चव लिंबाने येत नाही. आज रात्री फळ भिजवलंत तर शनिवारपर्यंत होईल.

तिरकाचष्मा
पाहुण्यांना व्हिनेगर. वा.

आंबटशौकीन
आधी पिऊन बघा, मग 'वा' म्हणा.

मोजूनमापून
चौथ्यांदा विचारतो. गाळ तळाशी बसतोय असं म्हणालात. पाक कसा केलाय?

अर्धीवाटी
कसा म्हणजे? पाक करतात तसा. एकतारी. बोटाला लावून तार बघितली.

मोजूनमापून
हा घ्या तुमचा गाळ!
अहो, एकतारीत पाण्याच्या दुपटीहून जास्त साखर असते. गार पेयात तो पाक थेट तळ गाठतो आणि ग्लासाला चिकटून बसतो. म्हणून वरचा घोट पाणी आणि खालचा घोट साखर. कॉकटेलचा पाक म्हणजे साखर आणि पाणी समान वजनाने, साखर विरघळली की गॅस बंद. तार येऊच द्यायची नाही. बोटांना चिकटता कामा नये. बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन आठवडे राहतो.

बोलघेवडी
उरलेल्या एकतारी पाकात बुंदी टाका आणि लाडू वळा, वाया नका घालवू!

अर्धीवाटी
😭 तीन वर्षं मी पाक म्हणजे एकतारी समजत होते. बरं, आता पिणाऱ्यांसाठी? त्यांनाही हलकंच द्यायचंय, दोन ग्लासांत घोरायला लागतात.

जुनाखोड
आता विचारलंत कामाचं. जिन मागे ठेवा, व्हरमाऊथ (मसाले मुरवलेली वाइन) पुढे आणा. ६० मिली जिन, ४० टक्क्यांची, म्हणजे २४ मिली शुद्ध अल्कोहोल. तेवढंच व्हरमाऊथ १६ टक्क्यांचं धरलं तर साडेनऊ. त्यावर टॉनिक, संत्र्याची साल पिळून. ग्लास तेवढाच भरलेला, मद्य निम्म्याहून कमी. आणि व्हरमाऊथ उघडलं की फ्रिजमध्ये ठेवा, ती वाइन आहे. कपाटात महिनोन्महिने ठेवून मग 'बेचव आहे' म्हणणारे मी पाहिलेत.

शून्यटक्के
या वेळी काकांशी सहमत. फक्त हलकं म्हणजे कमी कॅलरीचं असं कोणी समजू नये. मद्य घटवून ती जागा गोड टॉनिकने भरली तर साखर तिथेच.

जुनाखोड
सहमत म्हणून पुन्हा 'फक्त'.

रसायनवाला
अवांतर: टॉनिकवर जांभळा अतिनील दिवा धरा, क्विनाइनमुळे निळं चमकतं. सोडा चमकत नाही. म्हणजे वहिनींचा ग्लास अंधारातही ओळखता येईल.

बोलघेवडी
मला हवाय हा दिवा!!

अर्धीवाटी
शुक्रवार रात्रीचा अपडेट. नवीन पाक केला, सोडा सकाळपासून फ्रिजमध्ये होता, शेकरमध्ये फक्त लिंबू-चहा-आलं. पहिला चहा दहा मिनिटं मुरवला, घोट घेतल्यावर जीभ टाळूला चिकटली. दुसरा चार मिनिटांवर उतरवला, मस्त झाला. आमच्या यांनी ग्लास रिकामा करून "यात घातलंय काय?" असं विचारलं. काही नाही घातलेलं हे सांगितलं तरी पटेना. श्रब फ्रिजमध्ये आहे, त्याबद्दल अजून मत नाही. वहिनीच्या ग्लासाला हिरवी काडी, बाकीच्यांना पिवळी. बिटर्स वरच्या फळीवर ठेवलेत.
सगळ्यांचे आभार, विशेषतः पाकाबद्दल. आता एकच राहिलं, छतावरचा तो डाग कसा काढायचा?

मोजूनमापून
छताला रंग कोणता आहे? डिस्टेंपर की प्लास्टिक? डाग वाळलाय का? पुसून पाहिलात का?