गोदामाच्या पावत्यांसाठी मुख्य साखळी घ्यावी की साइडचेन?

निपाणीकर:
नमस्कार. निपाणी परिसरातील तंबाखू व्यापाऱ्यांसाठी आम्ही एक प्रणाली तयार करीत आहोत. गोदामातील मालाची पावती स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये (ब्लॉकचेन या अनेक संगणकांवर जपलेल्या सामायिक नोंदवहीवर आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) नोंदवावी, ती तारण ठेवता यावी आणि माल उचलल्यावर रद्द व्हावी, एवढाच तिचा आवाका आहे. इथेरियम या सार्वजनिक ब्लॉकचेनच्या मुख्य साखळीवर प्रत्येक नोंदीसाठी द्यावे लागणारे गॅसशुल्क व्यापाऱ्यांना परवडणार नाही, म्हणून साइडचेनचा, म्हणजे तिला जोडलेल्या वेगळ्या साखळीचा, विचार आहे. ‘ती इथेरियमला जोडलेली आहे, तेव्हा सुरक्षितताही तीच,’ असे विक्रेता सांगतो. हे कितपत खरे मानावे?

शहापूर_बेळगाव:
हे मानू नये. साइडचेनचे व्हॅलिडेटर, म्हणजे व्यवहार तपासून मंजूर करणारे, स्वतंत्र असतात. त्यांच्या चाव्या (सही करण्याचे गुप्त संकेत) चोरीला गेल्या किंवा त्यांनी संगनमत केले, तर इथेरियमचे हजारो व्हॅलिडेटर मध्ये पडत नाहीत. मार्च २०२२ मधील रोनिन या साइडचेनचे प्रकरण पाहावे. तिथे नऊ व्हॅलिडेटर होते आणि पुलावरून (दोन साखळ्यांमध्ये रक्कम हलवणाऱ्या व्यवस्थेतून) रक्कम काढण्यास पाच सह्या पुरेशा होत्या. त्यांपैकी चार चाव्या एकाच कंपनीकडे होत्या, आणि पाचव्या व्हॅलिडेटरच्या वतीने सही करण्याची तिला पूर्वी दिलेली तात्पुरती परवानगी काम संपल्यावरही मागे घेतलेली नव्हती. चोरांनी १,७३,६०० इथर (इथेरियमचे चलन) आणि अडीच कोटींहून अधिक यूएसडीसी (डॉलरशी जोडलेले डिजिटल चलन) नेले, आणि चोरी उघडकीस आली ती सहा दिवसांनी. तारणाच्या गोदामाला बँकेचे व व्यापाऱ्याचे अशी दोन कुलपे लावून दोन्ही किल्ल्या एकाच खिळ्याला अडकवाव्यात, तसा हा कारभार होता.

शुल्काचीच अडचण असेल, तर आर्बिट्रमसारखा रोलअप, म्हणजे इथेरियमच्या आधारे पण मुख्य साखळीबाहेर व्यवहार पार पाडणारी साखळी, पाहावा. तो व्यवहारांचा तपशील इथेरियमवर नोंदवतो, त्यामुळे खोट्या निकालाला तिथे आव्हान देता येते. त्यासाठीच रक्कम मुख्य साखळीवर परत नेताना साधारण सात दिवस थांबावे लागते. मात्र त्याचे मूळ कॉन्ट्रॅक्ट बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे तिथेही तपासावेच लागते.

खानापूरचा_वाचक:
साखळी भक्कम असली तरी कोड कच्चा असू शकतो, हे वरील उत्तरात राहून गेले. जून २०१६ मध्ये ‘द डाओ’ या इथेरियमवरील सामायिक गुंतवणूक निधीमधून सुमारे ३६ लाख इथर वळवले गेले, तेव्हा इथेरियममध्ये दोष नव्हता, ते कॉन्ट्रॅक्ट खात्यातील शिल्लक कमी करण्याआधीच रक्कम पाठवीत असे, आणि त्या फटीतून पुन्हा पुन्हा मागणी करता येत होती. आपल्या बाबतीत, तारण असलेली पावती कोणत्याही मार्गाने रद्द होता कामा नये, हा नियम त्रयस्थाकडून तपासून घ्यावा.

टिळकवाडी:
मुळात येथे पूल हवाच कशाला? कर्ज रुपयांत आणि बँकेमार्फत दिले जाणार असेल, तर साखळ्यांमध्ये काहीच हलवायचे नाही. मग साइडचेनही चालेल; फक्त नोंदींचा हॅश (मजकुरावरून काढलेला, मजकूर बदलताच बदलणारा ठसा) ठरावीक काळाने इथेरियमवर टाकावा, म्हणजे मागील नोंद कोणी बदलल्यास ते उघड होईल. मला अधिक काळजी वजनाची वाटते. तंबाखूची ओल कमी-जास्त होते, तसे वजनही बदलते, आणि गोदामरक्षकाने चुकीचा आकडा भरला तर कोणतीही साखळी तो इमानाने जपून ठेवील. वजनाच्या नोंदीवर गोदामरक्षक आणि बँकेचा निरीक्षक या दोघांच्या सह्या सक्तीच्या कराव्यात.

निपाणीकर:
आभारी आहे. कर्ज रुपयांतच दिले जाईल, त्यामुळे पूल वगळतो. विक्रेत्याकडे व्हॅलिडेटर कोण आहेत आणि कोणाच्या ताब्यात किती चाव्या आहेत, याची लेखी यादी मागितली आहे. निरीक्षक गोदामात रोज येत नाही. अशा वेळी त्याची सही येईपर्यंत पावती ‘प्रलंबित’ ठेवून तिच्यावर तारण अडवणे योग्य ठरेल का?

टिळकवाडी:
होय. ती अट मात्र कॉन्ट्रॅक्टमध्येच घालावी, संकेतस्थळाच्या पडद्यावर नव्हे.