काळ्या काचा आणि पोलिसांच्या गाड्या

एकांनी लिहिलंय की पोलिसांना सुरक्षेसाठी गाडीला काळ्या काचा लागतातच, म्हणून त्यांना सूट हवी. मला हे अजिबात पटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 27 एप्रिल 2012 रोजी अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर निकाल दिला, तेव्हा गाडीच्या काचांवर चिकटवायच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली आणि झेड व झेड प्लस सुरक्षा असलेल्यांचाच अपवाद ठेवला. तोही आपोआप मिळत नाही. पोलीस महासंचालक किंवा आयुक्त आणि गृहसचिव यांच्या समितीने प्रत्येक प्रकरण तपासायचं, आणि सूट त्या व्यक्तीच्या सरकारी गाडीपुरतीच. पोलीस साहेबांच्या घरच्या गाडीचा यात कुठे संबंध येतो?

केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 100 नुसार पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आरपार जायला हवा. कंपनीतून आलेली काच याच मर्यादेत असते.

आमच्या चौकात नाकाबंदीत हवालदार ब्लेडने एका पोराच्या गाडीची फिल्म खरवडत होते. मागेच डॅशबोर्डवर 'पोलीस' पाटी ठेवलेली खासगी एसयूव्ही उभी, काचा इतक्या काळ्या की आत माणूस आहे की नाही कळेना. त्या पोराने दंड भरला खरा, पण त्याची नजर सारखी त्या एसयूव्हीकडे जात होती.

साध्या वेशातल्या तपासासाठी खरंच गरज असेल तर नियमात तशी तरतूद करून घ्यावी, लेखी परवानगीसह. तोवर ब्लेड आधी पोलीस ठाण्याच्या आवारातल्या गाड्यांवर चालवा.