खाडीवर पक्षी बघायला एकच संध्याकाळ: दिवस कसा निवडावा?

मिरजकर_दुर्बीण:
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात सांगलीहून आंबा घाटाने रत्नागिरीकडच्या एखाद्या खाडीवर जायचंय. मिळणार एकच संध्याकाळ. दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी) आहे, स्कोप (ट्रायपॉडवरची एकनळी दुर्बीण) नाही. दिवस कोणता धरू? की सरळ साताऱ्याकडचा मायणीचा तलाव गाठू?

खाजणवाट:
मायणी आत्ता नको. पाऊस सरताना तलाव भरलेला असला की काठाला चिखलच उघडा नसतो, मग तुताऱ्या-चिखल्यांनी, म्हणजे चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांनी, उतरायचं कुठे? पट्टकदंबही (डोक्यावर काळे पट्टे असलेले राखी हंस) थंडी पडल्यावरच येणार. मायणी, येरळवाडी डिसेंबरनंतर करा.

खाडीवर तारीख नाही, तिथी बघायची. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ३, अष्टमीला ६. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, म्हणजे संध्याकाळी सहाला पूर्ण ओहोटी. त्यात उधाण असल्याने पाणी पार लांब जातं, पक्षीही त्याच्यामागे. ८×४२ मधून नुसते ठिपके दिसतील. अष्टमी-नवमीला भांग: पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, आणि भरती ऐन अंधार पडताना. पंचमी-षष्ठी उत्तम. पावणेचार ते साडेचारला भरती, मग पाणी ओसरू लागलं की चिखलाची पहिली पट्टी तुमच्या काठालाच उघडी पडते आणि पक्षी चरायला तिथेच उतरतात. सूर्यास्त सव्वासहानंतर, म्हणजे दीड-दोन तास हातात.

सातारी_टिलवा:
हे गणित मुंबईच्या बाजूचं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर भरती थोडी आधी येते, उलट खाडीत आत जाल तसा उशीर. त्यामुळे तिथीवरून दिवस ठरवा, वेळ मात्र भरतीच्या कोष्टकातूनच घ्या. उभं राहायचं पश्चिमेच्या काठावर, तोंड पूर्वेला. उलट्या बाजूला गेलात तर उन्हाच्या तिरिपीत सगळे पक्षी काळेच.

या दिवसांत पिसं बदलत असतात, रंगावर विसंबू नका. टिलवे म्हणजे चिखलात चरणारे लांब पायांचे पक्षी. लाल टिलव्याच्या पहिल्या वर्षाच्या पक्ष्यांचे पाय पिवळट-नारिंगी असतात, तिथेच हिरव्या टिलव्याशी गफलत होते. उडेपर्यंत थांबा: पंखाच्या मागच्या कडेला रुंद पांढरी पट्टी दिसली तर लाल टिलवा, पंख गडद आणि शेपटीकडून पाठीवर पांढरी पाचर चढलेली असेल तर हिरवा टिलवा. वर वळलेली चोच घेऊन चिखलावर नुसता पळत सुटलेला दिसला, तर टेरेक सँडपायपर.

मिरजकर_दुर्बीण:
स्कोप कुणाकडून मागून आणू का? आणि गमबूट?

खाजणवाट:
मिळाला तर आणा, पण ३० पटीच्या पुढे झूम नको. उन्हाने हवा थरथरते, चित्र विरघळतं. वारा असतो, ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांबवू नका.

गमबूट घालून चिखलात उतरायचा विचार सोडा. बूट रुततो, पाय तेवढा वर येतो. बांधावरूनच बघा. खडकावर अनवाणी तर मुळीच नाही, कालवांच्या शिंपल्यांच्या कडा पात्यासारख्या कापतात. आणि भरतीला एकत्र बसलेला थवा फोटोसाठी उठवू नका, ती त्यांची विश्रांतीची वेळ असते.

परतताना आंबा घाटात रात्री धुकं असू शकतं. मुक्काम रत्नागिरीतच धरा.